हलीमाबीनं न भरवलेला घास

कापसाच्या त्या सोन्याच्या दिवसांत वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या, असं छातीठोक सांगणारी माणसं मला आजही भेटतात. मी त्यांना एकच विचारतो, तशी गाडी पाहिली कोणी? मग आजोबांचं नाव पुढं येतं, आजोबांच्या मागं कुणाचा तरी मामा उभा राहतो, आणि गाडी काही अंगणात येत नाही. अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या कापसाची आठवण झाली, एवढं खरं. अकोल्यात पैसा आला हेही खरं. पण पैशाच्या मागोमाग माणसं किती आली आणि त्यांतली किती इथल्याच मातीत गेली, ते कुणी छातीठोक सांगत नाही. म्हणून मी हलीमाबी पिंजारणीची हकीकत सांगतो. आमच्या गल्लीत ती तोंडातोंडी चालत आली आहे आणि मी तिला फारसं तिखटमीठ लावलेलं नाही.

जुन्या गावाच्या तटाबाहेर आगगाडीच्या रुळांसाठी मातीचा भराव पडत होता, तिकडं ही गल्ली उठली. कुणी ती आखली नाही की मांडली नाही. मारवाडी अडत्यांनी कापसाची आवारं घातली आणि त्या आवारांच्या कुंपणांना टेकून ज्यानं त्यानं आपापल्या मुलखासारखी झोपडी बांधली. बोहऱ्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, त्याला लागून कानपूरकडच्या परदेशी दरवानांची खोली, पलीकडं कोकणातून आलेले सुतार, एका कच्छ्याचं सरकीचं गोदाम. कोपऱ्यावर पारश्याचं दारूचं दुकान होतं आणि तिथं मात्र सगळ्या जाती एका बाकावर बसत. विहीर एकच. तिच्या काठावर ज्याची त्याची जागा, ज्याचा त्याचा दोर, ज्याचा त्याचा पोहरा. महारवाड्याला तर तीही जागा नव्हती, ते नदीवर जात. खाली पाणी एकच आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण पोहरा कुणाचा हे पाहिल्याशिवाय कुणी घोट घेत नसे. हसू नका. तुमच्या-माझ्या घरात फार वेगळं चाललेलं नाही.

हलीमाबी बऱ्हाणपूरची. नवरा नबी जातीनं पिंजारी, खांद्यावर पिंजण टाकून गाद्या-गोधड्यांचा कापूस पिंजत हिंडणारा. जिथं कापूस जास्त तिथं पिंजाऱ्याला पोटभर, असा साधा विचार करून दोघं अकोल्याला आली. येऊन पाहतात तो कापूस एवढा महागलेला, की नवी गादी कुणी भरेना. उलट जुन्या गाद्या उसवून लोक आतला कापूस विकायला काढत होते. कापसाच्या डोंगराखाली पिंजारी उपाशी, अशी गत झाली. शेवटी नबीनं पिंजण आढ्याला टांगली आणि एका अडत्याच्या आवारात गासड्या भरायला जाऊ लागला. दिवसभर पोत्यात उभं राहून पायांनी कापूस तुडवायचा, ठासायचा, पुन्हा तुडवायचा. संध्याकाळी घरी आला की खोकत बसायचा.

हलीमाबी त्याच आवारात रेच्यावर बसली. रेचा म्हणजे सरकी काढायचा हातचरक. लाटण्यासारख्या दोन लाटांमधून कापूस ओढून घ्यायचा, रुई पुढं पडते आणि सरकी मागं राहते. बायकांच्या रांगाच्या रांगा रेचे फिरवत बसलेल्या असत आणि हलीमाबीच्या शेजारच्या रेच्यावर तानुबाई असायची. ही कुणब्याची, बार्शीटाकळीकडची. नवरा वारला, दिरांनी हात वर केले, म्हणून दोन लेकरं घेऊन मजुरीला आलेली. तोंडानं फटकळ, पण कुणाच्या अडीनडीला नाही म्हणायची नाही. दोघींच्या झोपड्यांमध्ये तुराट्यांचा एकच कूड होता आणि त्याच्या भोकांतून दोघींच्या गप्पा चालत. तानुबाईनं हलीमाबीच्या घरचं पाणी कधी घेतलं नाही आणि हलीमाबीनंही कधी पुढं केलं नाही. त्यावरून दोघींत एकदाही वाकडा शब्द झाला नाही, कारण ते असंच असतं हे दोघींना आईच्या पोटातून माहीत होतं.

भरावावर माती टाकायला तेलंगणातून कामाठी आले होते. नदीच्या बाजूला त्यांचा तळ होता. ते कुणात मिसळत नसत. त्यांची बोली आमच्या कुणाला कळत नसे, आमची त्यांना कामापुरती कळायची. एका उन्हाळ्यात तळावर पटकी आली. माणसं पटापट मरू लागली, तेव्हा त्यांच्या म्होरक्यानं, त्याला ते पेद्दा म्हणत, एका सकाळी तळ उठवला. ज्यांना चालता येत होतं ते गेले. ज्यांना येत नव्हतं ते राहिले. लोक त्या पेद्दाला शिव्या देतात. माझ्या मागं तेवढी माणसं असती आणि पुढं पटकी असती, तर मी काय केलं असतं हे मला सांगता येत नाही.

त्या दुपारी मागं राहिलेला एक कामाठी कडेवर दोन-तीन वर्षांची पोर घेऊन हलीमाबीच्या दाराशी आला. बायको तळावर मरून पडली होती. त्यालाही लागण झालेली होती, ते त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. तो दारापुढच्या निंबाखाली बसला तो आडवाच झाला. हलीमाबी धावत पाणी घेऊन आली. तिच्या हातातला तोटीचा बधना त्यानं पाहिला आणि घर मुसलमानाचं आहे हे त्याला उमगलं. त्यानं तोंडावर हात ठेवला. जीभ कोरडी ठक्क पडलेली, ओठांना चिरा, आणि तरी त्यानं तोंड उघडलं नाही.

हलीमाबीला राग आला नाही. ती तशीच आवाराकडं पळाली आणि तानुबाईला रेच्यावरून उठवून घेऊन आली. तानुबाईनं आपल्या घागरीतलं पाणी वरून धार धरून पाजलं, तेव्हा तो घटाघटा प्यायला. मग त्यानं खुणा सुरू केल्या. पोरीकडं बोट, तानुबाईच्या घराकडं बोट. तानुबाई मागं सरली. घरात दोन लेकरं, वर पटकी, आणि ही कोण कुठली पोर. तिनं मान हलवली. मग त्याचं बोट हलीमाबीच्या छपराकडं वळलं, तिथून तिच्या चुलीकडं. चुलीकडं बोट ठेवून त्यानं नाही नाही केलं आणि पुन्हा तानुबाईच्या चुलीकडं दाखवलं. भरावावर शिकलेलं तोडकंमोडकं हिंदी त्याच्याजवळ होतं.

"हमारा लोग आयेगा," तो हलीमाबीला म्हणाला. "इसका जात रखो, अम्मा."

दिवस मावळायच्या आत तो गेला. नवरा-बायकोला जाळावं की पुरावं हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. लाकडं नव्हती म्हणून नबीनं आणि दोघा दरवानांनी त्यांना नदीच्या काठी पुरलं. पोर आपलं नाव नरसम्मा सांगत होती. गल्लीनं तिची नरसी केली.

हलीमाबीनं नरसीला छपराखाली घेतलं आणि तानुबाईनं चूल दिली. ठरलं असं, की नरसीनं झोपायचं हलीमाबीकडं, न्हायचं तिच्याकडं, वेणीफणी तिच्याकडं, पण भाकर आणि पाणी तानुबाईच्या ओट्यावर. तानुबाईची ओढाताण व्हायची ती उघडच होती, म्हणून हलीमाबी रोज आपलं काम उरकून तिच्या रेच्यावरचाही थोडा कापूस काढून द्यायची. हातच्या कामाला विटाळ नाही, तो फक्त तोंडाला असतो. तिच्या बोटांची पेरं रेच्यानं सोलून निघालेली असत. ती म्हणायची, बापानं मरताना माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, जीव गेला तरी चालेल पण जात राहू दे म्हणाला, मग लेकराची मी कशी घालवू? मला विचाराल तर तहानेल्या माणसाचा तो हट्ट मला पटत नाही. पण मला विचारलं कुणी नव्हतं, आणि हलीमाबीनं तो हट्ट अमानत म्हणून पदरात बांधून घेतला होता.

चूक झाली ती इथंच. कामाठ्यांत काय चालतं आणि काय चालत नाही, हे हलीमाबीला माहीत नव्हतं. विचारावं तर सांगणारं कुणी मागं राहिलं नव्हतं. म्हणून सगळ्यांत कडक जे असेल ते तिनं धरलं. शिजवलेलं तर नाहीच, पण फुटाणा नाही, बोर नाही, गुळाचा खडा नाही. तानुबाई हसायची. अगं, कोरड्या जिनसाला कुठं विटाळ असतो, आम्ही नाही का तुझ्या हातचे चणे खात, म्हणायची. हलीमाबीचं उत्तर ठरलेलं असे, तुमच्यात नसेल, त्यांच्यात असला तर? उद्या तिची माणसं आली आणि एका फुटाण्यावरून तिला टाकून गेली, तर मी कुणाच्या तोंडाकडं पाहू?

पुढच्या वर्षी हलीमाबीला मुलगी झाली, नसीमबानो. दोघी एका गोधडीत झोपत, एका फणीनं त्यांच्या वेण्या होत. जेवायच्या वेळी मात्र नसीम आईच्या ताटात आणि नरसी कुडापलीकडं. हलीमाबीचा हात मोठा सढळ होता. नवऱ्याला चार दिवस जास्त काम लागलं, की ती गोड काहीतरी करायची आणि जी जी लेकरं तिच्या घरचं खाणारी असत, त्या सगळ्यांना दारात बसवून घास घास द्यायची. ईदच्या शेवयांना तर निंबाखाली पंगतच बसे. अशा वेळी ती नरसीला म्हणायची, जा गं, मावशीकडं जा. नरसी जायची, आणि कुडाच्या भोकातून पाहत राहायची. तानुबाईनं ते पाहिलं होतं.

नरसीनं एकदाच विचारलं. पाचएक वर्षांची असेल. नसीमले तू भरवते, मले काहून नाही? हलीमाबी म्हणाली, तुले मावशी देते ना. नरसी पुन्हा कधी विचारायला आली नाही. लेकरू विचारायचं थांबलं की मोठ्या माणसांना वाटतं, त्याला समजलं. हलीमाबीलाही तसंच वाटलं.

तानुबाई तिच्या मागंच लागली होती, की पोरीला खरं काय ते सांगून टाक. तुझ्या बापाचा शब्द आहे म्हणून मी असं करते, एवढं सांगायला काय जातं? तेव्हा हलीमाबीनं रेचा थांबवला.

"तसं सांगाले गेली तं मंग हे बी सांगा लागते का तू माही नाही, कोनीतरी येऊन तुले घेऊन जाईन," ती म्हणाली. "तेवढं माह्यानं बोलनं होत नाही, तानुबाई."

आणि तिनं गल्लीतल्या सगळ्यांना शपथ घातली होती, की पोरीला कुणी काही सांगायचं नाही. बापाविषयी नाही, तळाविषयी नाही. ज्या गल्लीत एकाचं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय कुणाचं अन्न पचत नसे, ती गल्ली या एका बाबतीत तोंडाला कुलूप लावून बसली. इतर वेळी मला त्याचं कौतुक वाटलं असतं. इथं कुणी चोंबडेपणा केला असता तर फार बरं झालं असतं.

त्यानंतरच्या कार्तिकात तानुबाई लेकरांना घेऊन कौंडण्यपूरच्या जत्रेला गेली. नरसीच्या भाकरीची सोय तिनं एका सुतारणीकडं लावून दिली होती. तानुबाई गेली आणि नरसीला ताप भरला. वांत्या झाल्या, डोळे खोल गेले. पटकीच ती, असं म्हणून सुतारणीनं दार लावून घेतलं. हलीमाबी दरवानांच्या बायकांकडं गेली, आवारवाल्या मारवाड्याच्या घरी गेली. लांबूनच सगळ्यांनी हात जोडले. पोर पाणी पाणी करत होती. तेलुगू ती केव्हाच विसरली होती, पण तापात कुठून कोण जाणे तिकडचा शब्द तिच्या तोंडी आला. नीळ्ळु, नीळ्ळु, असं ती म्हणत राहिली, आणि हलीमाबीला तो शब्द कळत नसला तरी सुकलेले ओठ कळत होते. बापाचे तसेच होते.

तिनं आपल्या मडक्यातलं पाणी घेतलं आणि नरसीच्या तोंडात बोटानं सोडलं. एकदा सोडलं, मग पुन्हा पुन्हा सोडलं. ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज केली आणि मांडीवर डोकं घेऊन थेंब थेंब भरवली. ताप उतरेपर्यंत ती रेच्यावर गेली नाही. नरसी बेशुद्धीत तिचं बोट चोखायची. एवढ्या वर्षांत पोटाशी धरून झोपवलेलं लेकरू, पण त्याच्या तोंडात घास जाताना कसं वाटतं, हे तिला तेव्हा कळलं.

नरसी शुद्धीवर आली आणि तिनं पहिला प्रश्न हाच केला, की मला पाजलं कुणी, मावशी आली का? हलीमाबी म्हणाली, मावशी नाही गं, सुतारीण येऊन पाजून गेली. जत्रेहून आल्यावर तानुबाईच्या पुढ्यात बसून मात्र तिनं सगळं कबूल केलं. तानुबाई म्हणाली, जीव राहिला ना, मग झालं, मी कुणापाशी बोलायची नाही. हलीमाबीला रडू येत होतं, पण ते वचन मोडलं म्हणून नव्हतं. ते दिवस आपल्याला फार सुखाचे वाटले, पोर मरायला टेकली असताना आपण सुखात होतो, याची तिला लाज वाटत होती.

अमेरिकेतली लढाई संपली तसा कापूस धाडकन उतरला. काल पालखीतून फिरणारे शेट आज गावात सापडेनात. आगगाडी सुरू झाली, दरवानांतले अर्धे नागपूरकडं गेले, रेच्यांच्या रांगा आखडल्या. सगळे रडत होते तेव्हा नबीची पिंजण आढ्यावरून खाली आली, कारण कापूस स्वस्त झाला आणि लोक पुन्हा गाद्या भरू लागले. त्या घराला प्रथमच दोन वेळचं स्वस्थपणे मिळू लागलं, आणि त्याच हिवाळ्यात कामाठी परत आले.

कापूस दाबायच्या नव्या कारखान्याचा पाया खणायला त्यांना बोलावलं होतं. पेद्दा तोच, आता म्हातारा झालेला. त्याच्याबरोबर एक म्हातारी होती, नरसीच्या बापाची आई. मागं गावी राहिलेली ही बाई, लेक गेला हे तिला उशिरा कळलं, आणि नात कुणाच्या तरी दारात राहिली एवढीच बातमी धरून ती तळाबरोबर पायी आली होती. निंबाखाली ती नरसीच्या पुढं बसली, तिच्या तोंडावरून हात फिरवू लागली, बोलू लागली. नरसीला एक अक्षर कळत नव्हतं. पण कुणीतरी आपल्यासाठी एवढ्या लांबून चालत आलं आहे, हे कळायला भाषा लागत नाही. ती म्हातारीच्या हाताखालून हलली नाही.

गल्लीनं मग नरसीला सगळं सांगितलं, तिचे आईबाप कोण, कसे गेले. शपथ आता कुणाला आठवली नाही. तिची भाकर कुडापलीकडं का ठेवली, हे मात्र कुणी बोललं नाही, कारण ते सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

पेद्दानं नबीला स्वच्छ सांगितलं, की उद्या सकाळी आमचे पंच बसतील. पोरीनं तुमच्या घरचं खाल्लं नसेल तर ती आमच्या पंगतीला बसेल आणि आमची होईल. खाल्लं असेल तर आम्हाला नेता येणार नाही. म्हातारीलाही मग तिच्या हातचं चालणार नाही, तिच्याशी लग्न कोण करील, ती तुमच्याकडंच राहू दे. म्हणजे एका शब्दाचं काम होतं. नबी हलीमाबीला म्हणाला, तुला खोटं बोलायचंच नाही, जे झालं तेवढं सांग आणि पोर ठेवून घे. खरं बोलून लेकरू मिळत असताना कोण गप्प बसतं? हलीमाबीलाही ते पटलं. तिनं सकाळी हातपाय धुतले, डोक्यावरून ओढणी घेतली आणि खरं सांगायचं ठरवूनच ती निंबाखाली गेली.

सगळी गल्ली जमली होती. कामाठी एका बाजूला बसले होते, त्यांच्या पुढं म्हातारी, तिच्याजवळ नरसी. पेद्दानं हिंदीत विचारलं, या मुलीनं तुझ्या घरी अन्न-पाणी घेतलं आहे का? हलीमाबीनं तोंड उघडलं, आणि तिच्याआधी नरसीच उठून उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "इच्या हातचं मी कदीच काही खाल्लं नाही. हे साऱ्या लेकरायले बलावू बलावू देते, मले नाही देत. नसीमले ताटात घेऊन बसते न् मले म्हनते, जा, मावशीकडं जा. शेवया नाही, फुटाना बी नाही. इले माही किळस येते."

नसीम रडायला लागली. म्हातारीनं शेजारच्याला विचारून घेतलं, पोर काय म्हणाली, आणि ते कळल्यावर तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. पेद्दाचाही चेहरा सैल झाला. ज्या लेकराला तो टाकून गेला होता, ते त्याला शाबूत परत मिळत होतं. तरी रीतीप्रमाणं त्यानं हलीमाबीला पुन्हा विचारलं, ही म्हणते ते खरं आहे का?

तानुबाई मागून म्हणाली, बोल ना गं. हलीमाबी नरसीकडं पाहत होती. मी तुला मांडीवर घेऊन पाजलं, एवढं म्हटलं असतं तर पोरीच्या मनातला तो काटा त्या क्षणी निघाला असता. आणि त्याच क्षणी म्हातारीनं तिच्या अंगावरचा हात काढून घेतला असता. काटा काढायचा तर आजी जाते, आजी ठेवायची तर काटा राहतो. बापानं तर एकच मागितलं होतं.

"हाव," हलीमाबी म्हणाली. "खरं हाय. माह्या चुलीचं तिच्या पोटात काही नाही."

तानुबाई पुढं यायला लागली, तर हलीमाबीनं मागं हात करून तिचं लुगडं धरून ठेवलं.

कामाठ्यांनी तिथंच तीन दगड मांडले, भात रांधला, चिंचेचं सार केलं. पंगत बसली. पहिला घास आजीनं नातीला भरवायचा, तो घेतला की ती जातीत आली, अशी त्यांची रीत. म्हातारीनं भाताचा गोळा करून नरसीच्या तोंडापुढं धरला. नरसी क्षणभर तशीच बसली, कारण घास असा समोरून आला की काय करायचं हे तिला सुधरेना. मग तिनं तोंड उघडलं. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि मग मान वळवून कुडाशी उभ्या असलेल्या हलीमाबीकडं पाहिलं. मलाही भरवणारं माणूस आहे, असं ते पाहणं होतं. हलीमाबी पंगत उठेपर्यंत तिथून हलली नाही.

पाया खणून झाल्यावर तळ हलला. जाताना नरसीनं नसीमला मिठी मारली, तानुबाईच्या पाया पडली आणि हलीमाबीच्या दारावरून सरळ निघून गेली. पुढं कामाठी या भागात आले-गेले असतील, पण ती कधी आली नाही. यायला तिला कारणही नव्हतं.

हलीमाबी पुष्कळ वर्षं जगली. नबी छातीच्या दुखण्यानं आधी गेला, नसीमला बाळापूरला दिली. गल्लीतल्या लेकरांना दारात बसवून घास द्यायची तिची सवय मात्र त्या पंगतीच्या दिवशी सुटली ती सुटलीच. ईदच्या शेवया ती भांड्यात भरून घरोघर पाठवून द्यायची. तानुबाई तिच्यावर कितीतरी दिवस रागावलेली होती. तू गप्प का बसलीस, असं ती फिरून फिरून विचारायची आणि हलीमाबी दुसऱ्याच गोष्टी काढायची. शेवटी एकदा, दोघी म्हाताऱ्या दारात सरकी निवडत बसल्या असताना, न विचारताच ती बोलली.

"मी तिले भरवलं तवा तिचे डोये मिटेल होते, तानुबाई. घास घेतानी ते कशी दिसते, हे मले त्या पंगतीतच पाह्याले भेटलं."